सोळाशे पन्नास सालचा सिलिंडर

तो फॉर्म मी शाळेच्या बाहेर गाडीत बसून, फोनवर, अंगठ्याने भरला. सगळं तिथंच बिघडलं. निवांत लॅपटॉपवर बसलो असतो तर माझ्या हातून एवढी चूक झाली नसती. म्हणजे झाली असती, पण छोटी झाली असती.

नोव्हेंबरातलं ट्रुगानिना, ऑस्ट्रेलियातलं आमचं उपनगर, भर उन्हाळा. बाहेर अडतीस डिग्री. मागच्या सीटवर माझी मुलगी इरावती, वय वर्षं नऊ, हातातलं आइसक्रीम कोपरापर्यंत ओघळलेलं. वर्षअखेरच्या कॉन्सर्टमध्ये तिच्या ग्रुपचं मराठी गाणं होतं. सहा मुलं, एक गाणं, आणि नाच बसवणार माझी बायको यामिनी. शाळेच्या ऑफिसातल्या ट्रिशबाईंनी लिंक पाठवली होती, संगीत-हक्कांचा फॉर्म. गाण्याचं नाव, गीतकार, संगीतकार, साल. मराठी मंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेत ज्या गाण्याचा कर्ता कुणालाच माहीत नसतो ते ‘पारंपरिक’ असतं. दहा वर्षं मी हेच बघत आलोय. म्हणून मी लिहिलं, गीतकार, ट्रॅडिशनल. संगीतकार, ट्रॅडिशनल. साल हा रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म पुढेच जाईना. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. मी सोळाशे पन्नास टाकलं आणि सबमिट केलं.

सबमिट केल्यावर खालची ओळ दिसली. ‘वरील माहिती खरी असल्याचं मी जाहीर करतो.’

ती वाचून मी गाडी सुरू करायचंच विसरलो.

कारण आमचा पीआरचा, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवान्याचा, अर्ज अकरा महिने पडून होता आणि व्हिसा मार्चमध्ये संपत होता. पीआर आला नाही तर नोकरी, घर, इरावतीची शाळा, सगळं बॅगांत भरून परत. आणि त्या अर्जातही हीच ओळ होती. खरी माहिती. चांगलं चारित्र्य. मी ऑस्ट्रेलियात आल्यापासून रिकाम्या रस्त्यावरसुद्धा सिग्नलचा हिरवा माणूस दिसेपर्यंत उभा राहतो, ते त्या चारित्र्यासाठीच.

“सोडून दे ना,” यामिनी म्हणाली. “शाळेचा फॉर्म आहे. कोण वाचतंय?”

ट्रिशने वाचला. दुसऱ्याच दिवशी तिचा मेल. चारशे वर्षांपूर्वीचं गाणं! ती भारावून गेली होती. कार्यक्रमपत्रिकेत छापायला शब्दांचं इंग्रजी भाषांतर देता का, प्लीज?

आता गंमत अशी की ते गाणं मला पहिल्या कडव्यापुरतंच येत होतं. यामिनी भाजी चिरताना म्हणते, तिची आई म्हणायची, म्हणून ती म्हणते.

दारात कोण गं आलं, मैना, दारात कोण गं आलं?
सोनपिवळ्या उन्हामधूनी पाखरू पाहुणं आलं.

यात कुणाला शंका येईल? मैना आहे, पाखरू आहे, सोळाशे पन्नास अगदी शोभतं. दुसऱ्या कडव्यात पोस्टमन येतो, ते ऐकून जरा चरकलो. मग त्याला ‘निरोप्या’ करून टाकला. तिसरं कडवं मी इरावतीला म्हणायला सांगितलं. तिने हॉलच्या मधोमध उभं राहून खणखणीत म्हटलं:

लाल लाल अंगाचा, गोल गोल पोटाचा,
दोन वर्षं नंबर लावून
सिलिंडर दारी आला गं मैना, सिलिंडर दारी आला!

“हे काय आहे?” माझा आवाज चिरकला.

“गॅस सिलिंडर,” यामिनी स्वयंपाकघरातून म्हणाली. “पूर्वी नंबर लावायला लागायचा ना. इरावतीच होणार आहे सिलिंडर. लाल पुठ्ठा आणलाय मी.”

“बाबा,” इरावती म्हणाली, “डिड दे हॅव गॅस इन सिक्स्टीन फिफ्टी?”

मी रात्रभर... नाही, रात्रभर कशाला, जेवायच्या आतच ठरवलं. भाषांतरच असं करायचं की खोटंही नको आणि खरंही नको. मी लिहिलं, ‘लाल वेषातला, गोल पोटाचा एक पूज्य पाहुणा, ज्याची लोक वर्षानुवर्षं वाट पाहतात, तो अखेर दारी येतो.’ एक शब्द खोटा नव्हता. पूज्य तर होताच. नवीन सिलिंडरला बायका हळदकुंकू लावायच्या.

ट्रिशचं उत्तर दहा मिनिटांत आलं. तिला रडू यायचंच बाकी होतं. म्हणजे तुमच्याकडेसुद्धा सांता आहे! आणि आमच्यापेक्षा जुना!

शुक्रवारच्या न्यूजलेटरमध्ये छापून आलं: ‘चारशे वर्षांपूर्वीचं भारतीय सांताचं गाणं, प्रथमच आपल्या शाळेत.’ खाली माझं नाव. सल्लागार म्हणून. कॉन्सर्टला काउन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, माणूस येणार होता. इरावतीच्या दप्तरातून शाळेने पाठवलेली एक पांढरी दाढी निघाली.

त्याच संध्याकाळी मिहिर आला. मिहिर दोन घरं सोडून राहतो. त्याला सिटिझनशिप मिळाली त्याला दोन वर्षं झाली, तेव्हापासून तो ऑस्ट्रेलियन सरकारच्या वतीने बोलतो.

“न्यूजलेटर वाचलं,” तो म्हणाला. “खरंच सोळाशे पन्नास?”

मी सगळं सांगितलं. सांगायला नको होतं.

“मेट,” तो खुर्चीत मागे रेलला. “हे फॉल्स डिक्लेरेशन झालं.”

“शाळेच्या फॉर्मवर?”

“फॉर्म म्हणजे फॉर्म. डिक्लेरेशन म्हणजे डिक्लेरेशन. सगळं जोडलेलं असतं इथे. माझ्या ओळखीत एकाने नुसता पत्ता चुकवला होता.”

“मग?”

“मग काय,” मिहिरने बिस्किट उचललं. “आता तो नाशिकला असतो.”

“कशामुळे?”

“ते नक्की माहीत नाही. पण पत्ता चुकवला होता.”

यामिनी म्हणाली, “मिहिर, त्याला घाबरवू नकोस रे, तो आधीच पिंपळपानासारखा थरथरतोय.” मिहिर म्हणाला, नो वरीज, आणि आणखी दोन बिस्किटं घेऊन गेला. त्यानंतर चार दिवस पोस्टवाला आला की मी पडद्याआड उभा राहायचो.

पाचव्या दिवशी सासूबाई आल्या.

यामिनीची आई, विमल खांबेटे. मिरजेच्या. वय त्र्याहत्तर, उंची पाच फूट, तीन महिन्यांच्या व्हिसावर. विमानतळावर कुत्र्याने त्यांची बॅग हुंगली, तर त्यांनी त्याला “हाड्” म्हटलं आणि तो खरंच गेला. अशा बाई. घरी येऊन चहा घेतला, आणि इरावतीने कौतुकाने गाणं सुरू केलं. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. आईंनी कप खाली ठेवला. तिसरं संपलं तेव्हा त्यांचे डोळे भरले होते.

“हे तुम्हाला कुणी दिलं?” त्या म्हणाल्या.

“तूच तर म्हणायचीस, आई,” यामिनी म्हणाली. “मला वाटायचं सगळ्यांच्याच आया म्हणतात.”

“सगळ्यांच्या आया कशाला म्हणतील? मी लिहिलंय ते. एकोणनव्वद साली. आपल्याकडे सिलिंडर आला त्या आठवड्यात. महिला मंडळाच्या स्पर्धेला दिलं, तर त्या सेक्रेटरीणबाईंनी स्टेजवर जाऊन काय सांगितलं? पारंपरिक गीत! पहिला नंबर आला. शील्ड मंडळाच्या कपाटात. माझं नाव कुठ्ठे नाही. म्हटलं, अहो, पारंपरिक गाण्यात सिलिंडर कसा असेल? तर म्हणाल्या, विमलताई, आता जाहीर झालंय.”

आईंनी पदराने डोळे पुसले. “छत्तीस वर्षं मी त्या बाईशी बोलले नाही. मेली ती गेल्या वर्षी. तरी नाही बोलले.”

मी हळूच न्यूजलेटर कुशनखाली सरकवलं. पण इरावती शाळेत रीडिंगमध्ये हुशार आहे.

“आजी, बाबांनी पण ट्रॅडिशनल लिहिलंय! सिक्स्टीन फिफ्टी!”

तिने कुशनखालचं न्यूजलेटर ओढून आजीच्या मांडीवर ठेवलं.

“जावईबापू,” आई म्हणाल्या. सासूबाई मला एरवी गुरुदत्त म्हणतात. “मी चारशे वर्षांची दिसते का?”

“नाही, आई.”

“मग माझं नाव लावा.”

“आई, ते आता जाहीर...” म्हणालो आणि जीभ चावली.

त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं, ते पाहून त्या विमानतळावरच्या कुत्र्याबद्दल मला माया वाटली.

आता माझी अवस्था बघा. खरं सांगितलं तर खोटं लिहिल्याचं कबूल होणार. चारित्र्य गेलं, पीआर गेला. नाही सांगितलं तर काउन्सिलच्या माणसासमोर सासूबाई हॉलमध्ये उभ्या राहणार. त्यांनी तसं स्पष्ट सांगितलं होतं. “मी उभी राहीन. मला इंग्रजी येत नाही, पण मला ओरडता येतं.”

मी त्यातल्या त्यात कागदोपत्री मार्ग काढला. स्टॅट डेक. म्हणजे शपथेवर लिहून द्यायचं आणि कुणा अधिकृत माणसासमोर सही करायची. या देशात औषधांच्या दुकानातला फार्मसिस्टही त्यासाठी चालतो. जवळच्या वेरिबीतल्या फार्मसीत मी आईंना घेऊन गेलो. मी टाईप करून नेलं होतं: मी, विमल खांबेटे, शपथेवर सांगते की या गाण्याचे शब्द आणि संगीत माझं आहे, ते मी एकोणीसशे एकोणनव्वद साली रचलं.

मी त्यांना मराठीत वाचून दाखवलं. “शब्द तुमचे?”

“माझे.”

“संगीत तुमचं?”

“हो हो, सगळं मीच केलं. पेटीसुद्धा मीच वाजवली.”

फार्मसिस्टने आधी कागद वाचला, मग आईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “हे कशासाठी आहे, म्हणालात?”

“ती सतराव्या शतकातली नाही, हे सिद्ध करण्यासाठी,” मी म्हणालो.

त्याने सही केली. मला वाटतं त्याने आईंना एक व्हिटॅमिनचं सँपलही दिलं, ते त्यामुळेच.

दुसऱ्या दिवशी कागद छातीशी धरून मी ट्रिशसमोर उभा राहिलो. तिच्या टेबलावर त्या कॉन्सर्टच्या कार्यक्रमपत्रिकांचा गठ्ठा, मुखपृष्ठावर सांता, सांताच्या डोक्याला फेटा.

“ट्रिश,” मी म्हणालो, “तो सांता नाहीये. गॅसची टाकी आहे.”

मग सगळं सांगितलं. साल, सिलिंडर, सासू. ट्रिशने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“म्हणजे ती छोटी मुलगी...”

“गॅसची टाकी. दाढी तुम्ही दिलीत.”

ती हसायला लागली. टेबलावर डोकं ठेवून हसली. मग शुद्धीवर येऊन म्हणाली, नो वरीज, चुका होतात, आपण पेनाने दुरुस्त करू. शाळेकडे परवाना असतो, बहुतेक गाणी त्यात येतात. पण, आणि इथे तिने एक जाड फाईल काढली, तुमच्या सासूबाई कुठल्या संगीतकारांच्या संस्थेच्या सभासद आहेत का?

“भिशीच्या आहेत.”

मग त्या परवान्यात त्या येत नाहीत, ट्रिश म्हणाली. त्यांची लेखी परवानगी लागेल. त्या नाही म्हणाल्या तर गाणं करता येणार नाही. तो त्यांचा हक्क आहे.

आई बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. ट्रिश स्वतः उठून गेली, त्यांच्यासमोर वाकली आणि विचारलं, तुमचं गाणं आमच्या मुलांनी म्हटलं तर चालेल का? मी भाषांतर केलं.

आईंनी पदर सारखा केला. मग मला म्हणाल्या, “परत विचारायला सांगा.”

ट्रिशने परत विचारलं.

“चालेल,” आई म्हणाल्या. “पण जाहीर करायचं. स्टेजवरून. माझं नाव, साल, आणि आधी खोटं लिहिलं होतं ते. आणि यांनीच करायचं.”

“काय म्हणाल्या त्या?” ट्रिशने विचारलं.

माझ्या मनात आलं, काहीही सांगावं. पण आईंना एव्हाना ‘ट्रॅडिशनल’ हा शब्द ओळखता येत होता, आणखी किती येत होते कोण जाणे. मी खरं सांगितलं.

कॉन्सर्टच्या आदल्या दिवशी मी आणखी एक गोष्ट केली, ती यामिनीलाही सांगितली नाही. चूक आपणहून कळवायचा फॉर्म इमिग्रेशनच्या साइटवर असतो. तो भरला. सोबत सहा पानांचं पत्र, गाणं, भाषांतर, सुधारित भाषांतर, सासूबाईंचा स्टॅट डेक, आणि लाल पुठ्ठ्यातल्या इरावतीचा फोटो, दाढीसकट. म्हटलं, त्यांनी पकडायच्या आधी आपणच जावं. अपलोडचं बटण दाबल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन बसलो.

कॉन्सर्ट आर्वोला, म्हणजे इथल्या भाषेत दुपारी, साडेचारला. हॉल गच्च. पुढच्या रांगेत काउन्सिलचा माणूस, त्याच्या शेजारी आई, जरीकाठाच्या साडीत आणि स्पोर्ट्स शूजमध्ये. मागे अर्धा हॉल आपलाच. पंजाबी, तेलुगू, गुजराती. मी माइकपाशी गेलो.

“हे गाणं ट्रॅडिशनल नाही,” मी म्हणालो. “मी चुकीचं लिहिलं होतं. हे विमल खांबेटे यांनी लिहिलंय, एकोणीसशे एकोणनव्वद साली, आणि संगीतही त्यांचंच आहे. त्या इथे आहेत.”

आई उठल्या. चारी दिशांना नमस्कार केला. टाळ्या थांबेचनात. काउन्सिलच्या माणसाने हात मिळवला. मला वाटलं, सुटलो.

मग पेटीचे सूर वाजले, आणि सहा मुलं आत आली. मधोमध इरावती, लाल सिलिंडर, डोक्यावर रेग्युलेटर, आणि दाढी. दाढी काढ म्हणून आम्ही हात जोडले होते. “आय लाइक द बियर्ड,” एवढंच तिचं म्हणणं होतं.

पहिली ओळ झाली. दुसरी झाली. आणि मागून एक आवाज आला. एक सरदारजी आजोबा, डोळे मिटून, हिंदीत, वेगळेच शब्द म्हणत होते. त्यांच्या बायकोने साथ धरली. मग तेलुगू रांग. मग गुजराती रांग. तिसऱ्या कडव्यापर्यंत अर्धा हॉल उभा राहून टाळ्यांच्या ठेक्यावर एक जुनं हिंदी सिनेमाचं गाणं म्हणत होता, त्याच चालीवर, आणि मिहिर खुर्चीवर चढला होता. यामिनीच्या भाजी चिरायच्या लयीत ती चाल मला कधी ओळखूच आली नव्हती.

मी वाकत वाकत आईंपाशी गेलो.

“आई. ही चाल कुणाची?”

“चाल?” आई टाळ्या वाजवत म्हणाल्या. “चाल सिनेमाची आहे. मंडळात कुणी चाल करतं का? गाणं लिहायचं आणि वर लिहायचं, अमक्याच्या चालीवर.”

“मी विचारलं होतं! फार्मसीत! संगीत तुमचं का म्हणून!”

“अहो, चाल लावली मीच ना त्याला. नाहीतर कोण लावणार होतं?”

शपथेवर. सहीसह. आणि काल इमिग्रेशनला अपलोड.

कार्यक्रम संपल्यावर ट्रिश धावतच आली, गाल लाल, हातात आमचा फॉर्म आणि पेन. सगळ्यांना येतं हे गाणं, ती म्हणत होती, पूर्ण हॉलला! म्हणजे तुमचं आधीचंच बरोबर होतं, हे खरंच ट्रॅडिशनल आहे! मी परत तसंच करू का?

पेन कागदावर टेकलं होतं. मी फक्त मान हलवायची होती. पहिलं जाहीर केलेलं खरं ठरलं असतं. ना शपथ, ना सिनेमा. मार्चमध्ये बॅगा भरायची वेळ आली नसती.

ट्रिशच्या खांद्यामागे आई उभ्या होत्या. नुसतं पेनाकडे पाहत होत्या, आणि त्यांच्या तोंडावर ते हसू तसंच राहिलं होतं, काढायचं विसरल्यासारखं. छत्तीस वर्षांपूर्वी स्टेजखाली त्या अशाच उभ्या असतील.

“द्या इकडे,” मी म्हणालो.

कागद गुडघ्यावर टेकवून लिहिलं, अक्षर इरावतीपेक्षा वाईट आलं. शब्द: विमल खांबेटे, एकोणीसशे एकोणनव्वद. चाल: सिनेमाची. सिनेमाचं नाव मिहिरने सांगितलं, सालासकट, आणि वर म्हणाला, “मेट, तू आता मेलास.”

ट्रिशने वाचलं. हसली नाही. फाईल काढली. चाल परवान्यात येतेय, म्हणाली, पण तिचे शब्द बदलले असतील तर मालकांना विचारावं लागतं. मी विचारते. पण उत्तर येईपर्यंत हे गाणं इथे पुन्हा नको.

मी आईंना सांगितलं.

“नको तर नको,” त्या म्हणाल्या. “एकदा झालं ना नावानिशी.” आणि काउन्सिलच्या माणसाबरोबर फोटो काढायला गेल्या.

सोमवारी आम्ही पुन्हा त्या फार्मसीत. नवा स्टॅट डेक: शब्द माझे, चाल माझी नाही. आईंनी आनंदाने सही केली. फार्मसिस्टने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “आता कितव्या शतकातल्या आहेत?” घरी येऊन मी तोही अपलोड केला, चुकीची दुरुस्ती म्हणून. मग त्या दुरुस्तीतलं एक स्पेलिंग चुकलं, म्हणून दुरुस्तीची दुरुस्ती.

पीआर त्यानंतर नऊ दिवसांनी आला. यामिनी रडली, इरावती सोफ्यावर नाचली, आईंनी देवापुढे साखर ठेवली. मी ते पत्र तीनदा वाचलं. त्यात सिलिंडरचा उल्लेख कुठेच नव्हता. दाढीचाही नव्हता.

“वाचलंच नसेल त्यांनी,” यामिनी म्हणाली.

“किंवा वाचून ठेवलं असेल,” मी म्हणालो.

संध्याकाळी मिहिर पेढे खायला आला. अभिनंदन केलं, दोन पेढे तोंडात टाकले आणि म्हणाला, “आता सिटिझनशिप. तिथे परत चारित्र्य बघतात, मेट. सगळी जुनी फाईल काढतात.”

आतून आईंचा आवाज येत होता. त्या इरावतीला पुढच्या वर्षासाठी दुसरं गाणं शिकवत होत्या, मिक्सरवरचं. “हे पूर्ण माझं आहे हो,” त्यांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं.

दोनच ओळी ऐकल्या. मिहिरचा पाय आपोआप ठेका धरायला लागला होता. मी उठलो आणि घरातल्या सगळ्या खिडक्या लावून घेतल्या.